निगेटिव्ह यावा म्हणून घातलेलं गाऱ्हाणं

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. मुलुंडच्या आमच्या घरी देवापुढे चौघं हजर होतो: माझा थोरला भाऊ, वहिनी, माझी पत्नी आणि मी. दादाला पोटाचा कर्करोग. ऑपरेशन होण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषध ठरवण्यासाठी शेवटची एक तपासणी व्हायची होती, तिचे साडेचार हजार आदल्या दिवशी भरले होते.

आम्हा कोकणातल्या माणसांची रीत म्हणजे गाऱ्हाणं. एकाने देवापुढे मागणं मांडायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. विक्रोळीला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा हे काम वडिलांचं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत ते प्रत्येकाचं नाव घेऊन मागायचे, माझ्या गणिताच्या पेपरासकट. दादाचा ‘व्हय म्हाराजा’ एवढा मोठा की समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी ओरडायचं. मी नववीत असताना वडील गेले. दादा त्याच कंपनीत फिटर म्हणून चिकटला आणि मला शिकवलं. गाऱ्हाणं मात्र बंद पडलं. पुढे माझा त्यावर विश्वासही राहिला नाही.

त्या गुरुवारी दादाच म्हणाला, “बाबांसारखा घाल रे.” मी नारळ ठेवला आणि मागितलं, रिपोर्ट निगेटिव्ह येऊ दे. दोनदा मागितलं, चूक नको म्हणून.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. अर्धा किलो पेढे घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. मग समजावून सांगितलं. काहींच्या गाठीतल्या पेशींवर एक प्रथिन फार वाढलेलं असतं. ते पेशीला आत सारखा ‘वाढ, वाढ’ असा निरोप देत राहतं. त्या प्रथिनावर जाऊन बसणारं, निरोप अडवणारं औषध आता मिळतं. पण प्रथिन सापडलं तरच, म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरच, ते देता येतं.

जिना उतरताना दादा म्हणाला, “देवान पयल्यांदाच तुझा गाराणा ऐकल्यान, आणि ता पण चुकीचा.” तो हसला. मला ते जमलं नाही.

घरी आल्यावर मी परत देवापुढे उभा राहिलो. काय मागावं तेच कळेना. शेवटी एवढंच म्हणालो, “मला कळत नाही. तुला दिसतं ते कर.” मागून दादाचा बारीक आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या लॅबमध्ये गेलो; दादाची पहिली बायोप्सी तिथेच तपासली होती. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. फाइलसाठी तो परत घ्यायचा होता. काउंटरवर साधारण माझ्याच वयाच्या, गळ्यात क्रूस असलेल्या बाई होत्या. त्यांनी रजिस्टर पाहिलं, मग माझ्याकडे.

“अहो, तुमचे तर दोन ब्लॉक आहेत. तपासायला एकच गेलेला. दुसरा का नाय पाठवला?”

“मला काय माहीत? दोन आहेत हेच आत्ता कळलं.”

“डॉक्टरांना विचारा ना. पोटाचं कसं आहे, एका तुकड्यात नसतं ते दुसऱ्यात निघतं कधीकधी.”

तिथूनच फोन केला. डॉक्टर म्हणाले, लगेच पाठवा. त्या दुसऱ्या ब्लॉकचा रिपोर्ट आला तीन अधिक, म्हणजे पुरता पॉझिटिव्ह.

केमोबरोबर ते औषध आता दर तीन आठवड्यांनी चालू आहे. गाठ निम्म्याने आक्रसली आहे. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही खोदून विचारत नाही. दादा सकाळी वाटीभर पेज घेतो आणि विक्रोळीच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या मी विसरलो होतो. आयुष्यभर काय मागायचं ते मला पक्कं ठाऊक असायचं. ज्या दिवशी ठाऊक नव्हतं, त्या दिवसाच्या मागण्याने हे सगळं मिळालं, असं मी मानतो.

आभार मानायला लॅबमध्ये गेलो तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “मला काय नको. आमच्या गावठाणात क्रूस आहे, तिथे भावासाठी मेणबत्ती लावा.” क्रुसासमोर एका म्हाताऱ्याची टपरी आहे. मेणबत्त्यांचं पाकीट चाळीस रुपयांचं होतं. मी त्याला पन्नास दिले आणि दहा परत मागितले नाहीत.