बरणीतला कोळी
परवा माळा झाडताना कोळ्याची वाळकी कात केरसुणीला अडकून आली, आठही पाय शाबूत, आणि मला माझा कोळी आठवला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, वडील नांदेडहून बदलून तिथल्या नव्या कचेरीत आले होते, आणि दुष्काळ असा की टँकर चार दिवसांनी यायचा. रेणापूरच्या शेतात, काळ्या मातीच्या भेगेत सापडलेला तळहाताएवढा केसाळ कोळी मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाळला होता. आठवडाभर त्यानं झुरळाला तोंड लावलं नाही आणि एका दुपारी तो पाय वर करून उताणा पडला. आई म्हणाली, "उन्हानं मेला असंल, दे टाकून." पण मला एक पाय हलताना दिसला. शेजारच्या चाचींना बोलावलं, तर त्या वाकून बघत म्हणाल्या, "जीव अटकला हाय बेटा त्याचा. पाणी घाल तोंडात, तहानलेला जाऊ नाही." मरणाऱ्याला पाणी पाजतात, एवढं मलाही माहीत होतं. माझ्या वाट्याच्या पाण्यात कापूस भिजवला, काडीनं कोळ्याला सुलटा केला आणि थेंब सोडले. तेव्हा दिसलं, त्याची पाठ उकलली होती आणि आत पांढरट, ओला, नवा कोळी होता. त्याचे अर्धे पाय जुन्या कातेतच अडकले. संध्याकाळपर्यंत तो हलत होता, मग थांबला. "पाणी पिऊन गेला, चांगलं झालं," चाची म्हणाल्या. असा कोळी कात टाकतानाच उताणा पडतो आणि तेव्हा त्याला हात लावायचा नसतो, हे मला कॉलेजात कळलं. चाची तेव्हा हयात होत्या. त्यांना मी ते सांगितलं नाही.