टेस्टरमधला दिवा

अप्पांच्या हातात टेस्टर दिसला की त्यांच्या मुलीला धास्ती वाटते. हे अगदी अलीकडचं. लहानपणी तोच टेस्टर त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावताना दिसला, की तिला घर भक्कम उभं आहे असं वाटायचं.

अप्पा वायरमन. एक्केचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती फोडल्या, आत वायरी घातल्या आणि वरून अशा लिंपल्या की हात फिरवूनही कळू नये. चार गल्ल्यांत त्यांना ‘तपासून’ म्हणूनच ओळखत. काम संपलं की ते घरातल्या एकेका सॉकेटमध्ये, एकेका होल्डरमध्ये टेस्टर घालून त्यातला दिवा कुठे पेटतो, कुठे नाही ते बघत आणि मगच मीटरच्या पेटीत आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहीत, ‘तपासून दिले’. कुणी घाई केली तर म्हणत, “साहेब, मला उशीर झाला तर तुमच्या घरचे ओरडतील. माझं चुकलं तर रडतील. काय चालेल बोला.”

ती दहा वर्षांची असताना त्यांनी तिला समोर बसवून शिकवलं होतं. वीज येते ती तार फेज, परत जाते ती न्यूट्रल. स्विचने तोडायची ती फेज. उलटसुलट जोडलं आणि न्यूट्रल तोडली तरी दिवा विझतो. पण होल्डरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. “घर झोपलंय असं आपल्याला वाटतं,” अप्पा म्हणाले होते, “ते नुसतं सोंग घेऊन पडलेलं असतं.”

आई गेल्यावर ती आपल्या मुलीला घेऊन अप्पांकडे राहायला आली. नातीला अभ्यासाला जागा हवी म्हणून गेल्या वर्षी अप्पांनी माळ्याखालच्या खोलीत स्वतः नवीन लाइन टाकली. महिनाभराने नात म्हणाली, “आजोबा, माझा दिवा डोळे मिटतच नाही.”

खरंच, स्विच बंद केला तरी तो एलईडी बल्ब राखेखालच्या निखाऱ्यासारखा मंद तेवत राही.

“माझ्यासारखाच म्हातारा झालाय,” अप्पा म्हणाले. “झोप येत नाही बिचाऱ्याला.”

नात खिदळली. नातीच्या आईला मात्र हसू आलं नाही. दिवेलागणीला ती कामाच्या निमित्ताने त्या खोलीत जाई, स्विच बंद करी आणि अंधारात बघत उभी राही. वर कुणीतरी श्वास रोखून जागं आहे असं वाटे. शिकलेलं सगळं आठवत होतं, दबा धरलेल्या जराशा विजेवरही एलईडी मिणमिणतो हे ठाऊक होतं, पण अप्पांच्या कामावर शंका घ्यायला जीभ रेटत नव्हती. शेवटी एका दुपारी ती बोललीच. “अप्पा, एकदा बघता का?”

“बघतो की. त्यात काय!”

पडदा ओढलेल्या त्या खोलीत अप्पा स्विच बंद करून स्टुलावर चढले. बल्ब काढला, होल्डरमध्ये टेस्टर टेकवून मागे बोट ठेवलं. टेस्टरच्या पोटात नारिंगी ठिपका पेटला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण स्वच्छ.

“बघ, काही नाही,” अप्पा म्हणाले आणि दुसऱ्या हाताचं बोट होल्डरमध्ये घालू लागले.

तिने त्यांचं मनगट धरून खसकन मागे ओढलं. स्टूल डगमगलं.

“वेड लागलंय का गं तुला? पडलो असतो!”

“अप्पा, टेस्टर पेटलाय.”

“कुठे?”

अप्पांनी टेस्टर पुन्हा टेकवला, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. ठिपका त्यांच्या नाकासमोर जळत होता.

“कधीपासून दिसत नाही?”

ते खाली उतरून स्टुलावर बसले. “हाताला कळतं गं. सवयीने.”

“आत्ता कळलं का हाताला?”

अप्पांनी टेस्टर खिशात ठेवला.

मेन स्विच पाडून तिने दारावरची जोडपेटी उघडली. फेजची लाल तार काळीला, न्यूट्रलची काळी लालला. माळ्याखालच्या अंधारात त्यांच्या डोळ्यांना दोन्ही काळ्याच दिसल्या असणार. अप्पा सांगत गेले, तिने जोड बदलले. मेन पुन्हा चालू करून होल्डर आणि सॉकेट या वेळी तिने तपासले. दिवा विझला तो मिट्ट विझला.

“यानंतर कुणाकडे काम केलंत?”

“एकच. टेलरबाईंकडे. नंतर नाही घेतलं.”

म्हणजे डोळे साथ देत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

टेलरबाई गल्लीच्या टोकाला राहायच्या. दोन मशीन, एक इस्त्री आणि मशीनवर वाकवायचा पत्र्याचा दिवा. त्याचा बल्ब त्या स्वतःच बदलत, स्विच बंद करून, निर्धास्त. त्यांच्या मीटरच्या पेटीतही पेन्सिलीचे ते दोन शब्द असणार.

“मी उद्या जातो,” अप्पा म्हणाले. “तू मध्ये पडू नकोस. एक्केचाळीस वर्षांचं नाव आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बाई घरी नसतील. ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना बाईंचा हात बघत होती. बोटात शिवणाचं टोपण घातलेला, पत्र्याच्या दिव्याकडे जाणारा हात. नातीच्या खोलीतला दिवा विझला होता, पण आता तिला टेलरबाईंचं घर दिसत होतं, डोळे न मिटता पडलेलं.

चौथ्या दिवशी सकाळी नात शाळेचा उसवलेला फ्रॉक घेऊन आली. “आई, टेलरबाईंकडे टाकून येते गं.”

“नाही!” ती एवढ्या जोराने ओरडली की पोरगी दचकून जागीच थांबली. “तिथे पाऊल टाकायचं नाही.”

बाहेरच्या खोलीत अप्पांच्या खुर्चीची करकर थांबली.

ती तडक तिथे गेली. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली त्यांची नंबरांची वही काढली, पान शोधलं, फोन उचलला. अप्पा बघत होते. अडवलं तरी ऐकायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

“थांब,” अप्पा म्हणाले.

“नाही थांबणार, अप्पा.”

“तसं नाही गं. आधी मेन बंद करायला सांग. बाकीचं मग बोल.” त्यांनी खिशातला टेस्टर काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवला. “आणि दुसरा वायरमन बोलवा म्हणावं. चांगल्या डोळ्यांचा. विचारलंच त्यांनी, तर सांग... तपासलं नव्हतं म्हणून.”

तिने नंबर फिरवला.