शिंगाळ्याचा काटा

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांपुढे येते ती ठाण्याच्या बाकावर बसलेली कोळीण. "साहेब, त्याला लघवी झाली का?" एवढंच विचारत होती.

मी तेव्हा बेलापूर भागात ठाण्याचा इन्चार्ज होतो. रुग्णालयातून एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावी लागते अशा केसची, खबर आली. दिवाळे गावचा मासेमार, उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी बंद. मूत्रपिंडं बसत चालली होती, संशय विषबाधेचा. पाठोपाठ त्याच्या थोरल्या भावाचा फोन. "बायकोनंच कायतरी घातलंय. रोज भांडते."

महिला हवालदारासमोर तिची चौकशी केली.

"भांडते मी, साहेब. मारायचा असता तर भांडले कशाला असते?"

तिकडे डॉक्टर घायकुतीला आलेले. "कसलं विष ते कळल्याशिवाय औषध काय देऊ? पाय सुजलाय, पण तो म्हणतो शिंगाळ्याचा काटा लागला."

शिंगाळा मासा टोचला की पाय सुजतोच. कोळीवाड्यात त्यावर शंका कोण घेणार? मी बायकोला विचारलं.

"काटा लागंल कुठून? होडी आठवडाभर काठावर उलटी हाय, डांबर लावायला. घरातली मासळी मीच साफ करते."

तसाच दिवाळे गावात गेलो. सासू ओट्यावर बसली होती.

"आजी, पोराच्या पायाला काय झालं?"

"इचारू नका. भगतानं बजावलंय, मला नि पोराला, पाच दिस बोलायचा नाय. बोलले त पोर जाईल."

"सून ठाण्यात बसलीय, ठाऊक आहे ना?"

"ठाव हाय." तिने पदर डोळ्यांना लावला.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. भगतावर तासभर बोललो असतो. पण तिकडे पोरगा फुगत चालला होता.

"बोलू नका, आजी. नुसतं दाखवा."

ती उठली. जुन्या जाळ्यांच्या ढिगापासून चार हात लांब थांबली, वाकली आणि स्वतःच्या घोट्यावर दोन नखं रुतवली.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "साप आहे. बहुतेक घोणस." प्रतिविष सुरू झालं, पण उशीर झाला होता. घोणशीचं विष मूत्रपिंडात उतरलं होतं. रोज डायलिसिस आणि रोज तोच प्रश्न. आता तो सगळं ठाणं विचारत होतं.

पुढे नोकरीभर चौकशीत कुणी गप्प बसलं की मी आधी विचारायचो, ही भीती कुणासाठी आहे? दरडावून जे निघालं नसतं, ते त्या एका प्रश्नाने अनेकदा निघालं.

त्या वेळी मात्र काही आठवड्यांनी त्या बायकोचा फोन आला. "साहेब, झाली." हवालदाराने न सांगता सगळ्यांना चहा मागवला.

मागून सासूचा आवाज आला, "दे इकडं, आता मी सांगते. घोनस होती. ही एवढी जाडी."

"आता सांगतायत," सून म्हणाली. "मी ठाण्यात बसले तवा नुसती नखं दाखवत होत्या."