मेश्राम मॅडम आणि त्यांचं वॉरंटचं रजिस्टर

मेश्राम मॅडम कोणाच्या दारात उभ्याने 'वॉरंट' हा शब्द कधी उच्चारत नसत. आधी आत यायच्या, प्यायला पाणी मागायच्या, समोरच्याला बसवायच्या आणि मग हळू आवाजात सांगायच्या. आमच्या आंधळगावात तर त्यांनी पाणी मागितलं की घरातला माणूस आपोआपच खाली बसायचा.

मोहाडीच्या पोलीस ठाण्यात कोर्टाच्या समन्स-वॉरंटचं काम त्यांच्याकडे होतं. माझी त्यांची ओळख झाली ती चारित्र्याच्या दाखल्यामुळे. वरठीच्या एका कारखान्यात मला नोकरी लागत होती आणि आठवड्याच्या आत दाखला हवा होता. मॅडमनी माझं नाव वाचलं, रजिस्टरवर बोट फिरवलं आणि पूर्वी वरठीला कोणाच्या खोलीत राहत होतो ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा भाऊ."

मी म्हटलं, उभाच बरा आहे.

"बसा म्हणते ना. तुमच्या नावाचं वॉरंट हाय."

मी बसलो. आईला बाजारातून भाजी घेऊन येतो असं सांगून निघालो होतो, आणि आता बेड्या घालूनच नेणार असं वाटायला लागलं. मॅडमनी चहा मागवला आणि उलगडा केला. दोन वर्षांपूर्वी रेल्वे फाटकाजवळ एका ट्रकने सायकलवाल्याला उडवलं होतं. मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं, जबाबही दिला होता. पुढे मी वरठीची खोली सोडून गावी आलो, साक्षीचे समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत येत राहिले आणि शेवटी कोर्टाने वॉरंट काढलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

वॉरंट जामिनाचं होतं, म्हणजे हजर राहायची हमी दिली की अटक नाही. त्यांनी माझ्याकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या अकराच्या आत आपल्या पायानं कोर्टात जा. पत्ता बदलला म्हणून सांगा, वॉरंट रद्द कराचा अर्ज द्या. मी धरून नेलं तर लोक अटक म्हणतीन. तुमी गेले तर हजर झाले म्हणतीन."

न्यायाधीशांनी मला चांगलंच सुनावलं, पण वॉरंट रद्द केलं आणि साक्षही त्याच दिवशी घेतली. तो सायकलवाला बाहेर बाकावर बसला होता. त्याचा एक पाय अधू झाला होता. प्रत्येक तारखेला तो माझी वाट पाहत येत होता. त्याने माझा हात धरला तेव्हा मला स्वतःच्या भीतीची लाज वाटली. दाखला वेळेत मिळाला.

त्यानंतर मोहाडीला गेलो की मी मॅडमकडे डोकावून येऊ लागलो. आपल्यावर वॉरंट आहे हे लोकांना कुठे कुठे कळतं, ते त्या रंगवून सांगत. कोणाला पासपोर्ट काढताना, कोणाला निवडणुकीचा फॉर्म भरताना. एकाला तर सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं. लोकांना त्या मोबाइलवर कोर्टाच्या साइटवर नाव कसं शोधायचं ते शिकवत. त्यातून एकदा एकाच नावाचे तिघे जण कपड्यांच्या पिशव्या घेऊन ठाण्यात हजर झाले. मॅडमनी तिघांना बापाचं नाव विचारलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. ज्याचं वॉरंट होतं तो चौथा घरी निवांत झोपला होता.

त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे आमच्या गावचा शालिक. शेताच्या बांधावरून चुलतभावाशी त्याची हाणामारी झाली होती. वॉरंट निघाल्याचं ऐकून तो पळाला, तो पवनीकडे एका वीटभट्टीवर राहिला. इकडे चुलतभावाने केस मागे घेतली, कोर्टाने वॉरंट परत मागवलं. पण शालिक भीतीने घरी फोनही करत नव्हता. भट्टीवरच्या एका मजुराकडून त्याचा पत्ता लागला, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, गाडी काढा.

त्या दिवशी त्या साध्या साडीत होत्या, तरी शालिकने ओळखलंच. शेजारच्या उन्हाळी धानाच्या ओल्या बांधीत उडी मारून तो पळत सुटला. आयुष्यभर कुजबुजत बोललेली ती बाई बांधावर उभी राहून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "शालिक, पळू नको रे, रद्द झालं!"

तो गुडघाभर चिखलात थांबला. "कवा, ताई?"

"चार वर्षं झाले."

शालिक तिथेच बसला. आधी रडला, मग हसायलाच लागला. मॅडमनी त्याला माझ्या गाडीवर बसवलं आणि स्वतः बसची वाट पाहत रस्त्यावर थांबल्या. मी म्हटलं, हे सांगायला एवढ्या लांब यायची काय गरज होती, निरोप धाडला असता.

"वॉरंट निघालं की गावभर होते भाऊ," त्या म्हणाल्या. "रद्द झालं ते सांगाले कोणी जात नाही. निरोपावर त्यानं विश्वास ठेवला असता काय?"

पुढच्या महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी बोलता बोलता ठाण्याच्या साहेबांकडून कळलं की, पवनीच्या त्या फेरीसाठी त्यांनी रजा टाकली होती.