सांडव्यावरची पोती आमचीच

कालच्या पोस्टमध्ये मी चुकीचं लिहिलं. वरूडजवळच्या आमच्या शेतातला मातीचा बंधारा सरकारी नाही. आज सातबारा पाहिला, जागा आमचीच आहे आणि बंधारा आजोबांनी बांधलेला.

संत्र्यासाठी पाणी जास्त साठावं म्हणून बाबांनी सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या वाटेवर, मातीची पोती रचली आहेत. आज बंधाऱ्याच्या पायथ्यातून गढूळ पाणी झिरपताना दिसलं, म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. खालीच सलीमचाचांचं घर आहे.

मी म्हटलं, "बाबा, पोती काढा."

"झाडं वाळली तं पाणी तू देशीन का?"

शेजारी उभे असलेले चाचा हसले. "बेटा, तुया बापाले सांग, मले पोहता येत नाही."

बाबा संत्र्याच्या झाडांकडे निघून गेले.

मालकी आमची, तर जबाबदारी कोणाची? बाबा आले नाहीत तरी येत्या रविवारी सकाळी मी पोती काढणार आहे.