नोटीस मिळाली, सही करा

वॉर्ड ऑफिसातले एक क्लार्क दर पावसाळ्यात आमच्या खाम नदीकाठच्या गल्लीत पुराच्या नोटिसा वाटतात. "पाणी येऊ शकतं, सामान हलवा," म्हणतात आणि सही घेतात. त्यांच्या लेखी सही न केलेला माणूस बुडालाच.

यंदा ते आले तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होतं. नोटिसा आणि शाईचं पॅड प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरलेलं.

"साहेब, पाणी तर आलं की!" मी ओरडलो.

"व्हय, पण नोटीस नाय ना मिळाली तुम्हाला अजून."

मी सही केली. शेजारच्या म्हाताऱ्या काकू घरात अडकल्या होत्या. क्लार्क तडक आत घुसले आणि जरा वेळानं त्यांना पाठीवर घेऊन बाहेर आले.

काकूंचा अंगठा शाईनं निळा झाला होता.