‘वाकव’ कोण म्हणालं?

भूत-आत्मा म्हटलं की मला हसू येतं. फरीदाबादेत इतकी वर्षं काढली, लाइट गेल्यावर अंधाऱ्या लिफ्टमध्ये कितीदा अडकले... तिथेही कोणी भेटायला आलं नाही. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी राग नाही.

आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. रविवार, भर दुपार. घरात मी आणि हे — सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झालेले, पण जेवताना भाषण द्यायची सवय न सुटलेले. मटण केलं होतं. बोलता बोलता ह्यांना ठसका लागला. मी सवयीने टाळूवर थापटत म्हटलं, "कोण आठवण काढतंय हो एवढी?"

ठसका थांबला. बरं झालं म्हणून बघते, तर आवाजच नाही! हात गळ्यावर, डोळे विस्फारलेले, ओठ निळसर. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि उघड्या दाराकडे तोंड करून ओरडले, "गले में घास अटक गया! कोई आओ!"

हिंदीत घास म्हणजे गवत. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा शेजारणींना कौतुकाने सांगायचे — "ये तो दो घास खाके उठ जाते हैं." बायका ह्यांच्याकडे गोठ्यातून सुटल्यासारखं बघायच्या. त्या शहाण्या नवरीला अक्कल आली नाही ती नाहीच.

तर मी ओरडत असतानाच मागून, स्वयंपाकघरातून, बाईचा आवाज आला. खणखणीत मराठी, वैतागलेला. "पाणी नको, बावळट! वाकव त्याला. वाकव! पाठीत मार!"

‘त्याला’... ह्यांना अरेतुरे करणारं आता कोणी उरलेलं नाही.

ग्लास ठेवला. वाकवलं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच दणके घातले. काही नाही.

"आता मागून मिठी मार. बेंबीच्या वर मूठ धर. आत आणि वर ओढ!"

चारचौघांत ह्यांचा हातही न धरलेली मी... ओढलं. पुन्हा ओढलं. मटणाचा तुकडा ताटात पडला. हे धापा टाकत पहिलं वाक्य बोलले, "मारतेस का मला?" इतकं गोड भांडण आमचं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात समोरची सिमरन धावत आली. "आंटी, अंकल ने घास क्यों खाई?"

आम्ही हसलो, रडलो, दोन्ही.

मग ती म्हणाली, "और वो दूसरी आंटी कहाँ गईं? आप चिल्ला रही थीं, वो आपको डाँट रही थीं... ये ‘वाकव’ क्या होता है?"

स्वयंपाकघर रिकामं होतं.

पोटात काही दुखावलं नाही ना, म्हणून डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणाले, "बिल्कुल सही किया. पानी देतीं तो मुश्किल होती."

नात म्हणते, "आजी, तू फर्स्ट एडचा क्लास केला होतास ना? डोक्यात राहिलं असेल." केला होता, तरुणपणी, कॉलनीत. पण मी मागे बसून स्वेटर विणत होते आणि शिकवणाऱ्या बाईंच्या साडीला नावं ठेवत होते. शिवाय क्लास हिंदीत होता. आणि सिमरनने दोन आवाज एकदम ऐकले, त्याचं काय? सासूबाई म्हणाव्यात, तर त्यांनी आधी रश्श्यात मीठ कमी आहे हे सांगितलं असतं.

हल्ली ह्यांना ठसका लागला की मी पाणी आणत नाही. "खोका, खोकत राहा," म्हणते आणि गुमान मागे जाऊन उभी राहते. कोण आठवण काढतंय, हे विचारत नाही. त्या दिवशी कोणीतरी खरंच काढली होती... कोणी, ते अजून कळलेलं नाही.